दवात हटून बसणारं इंजिन

पाववालीनं इंजिन हातगाडीवर आडवं घालून आणलं तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. पावांवर झाकायच्या जाड कापडात तिनं ते गुंडाळलं होतं, खालचा पंखा तेवढा बाहेर राहिला होता.

"डॉक्टर आहेत का?" तिनं विचारलं.

हे डॉक्टरांना कळलं, कारण दुकानात येणारा प्रत्येक माणूस पहिलं वाक्य हेच बोलायचा.

"मीच. बोला."

डॉक्टर काही औषधं देणारे डॉक्टर नव्हते. तलावाच्या काठावर त्यांचं बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान होतं. तरुणपणी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते आतला आजार ओळखायचे, म्हणून कुणीतरी गमतीनं डॉक्टर म्हटलं. ते नाव असं चिकटलं की टपालसुद्धा त्याच नावानं यायला लागलं. आता त्यांचं वय त्रेसष्ट होतं.

पाववाली बोलायला लागली. चाळिशीची, काटक बाई. रोज पहाटे भट्टीवरून पाव घ्यायचे आणि बोटीनं तलावापलीकडच्या चार वस्त्यांवर पोचवायचे, हा तिचा धंदा. बोलणं एका दमात, आणि गार वारा लागू नये म्हणून नाकावरून रुमाल बांधलेला. ओठ काही दिसत नव्हते. डॉक्टरांच्या पदरात पडले ते तुकडे: "सासऱ्यांच्या वेळचं"... "सकाळी सकाळी"... "दोरी ओढून ओढून खांदा"... मध्येच तिनं इंजिनाच्या टोपणाकडे बोट केलं, हवेत दोन-तीन टिचक्या वाजवल्या आणि डॉक्टरांकडे बघितलं. काहीतरी विचारलं असावं.

"हो, हो," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे आलं ना लक्षात?"

"आलं, आलं. परवा या."

ती रिकामी गाडी ढकलत निघून गेली. डॉक्टरांनी इंजिन उचलून लाकडी घोडीला अडकवलं, खाली पाण्यानं भरलेलं पिंप सरकवलं, नळी जोडली, नळीवरचा रबरी फुगा घट्ट होईपर्यंत दाबला, चोक ओढला आणि दोरीला हिसका दिला. दुसऱ्याच हिसक्याला इंजिन सुरू झालं. मागच्या भोकातून पाण्याची धार नीट पडायला लागली, निळसर धूर छपराला जाऊन लागला. डॉक्टरांनी तळवा टोपणावर ठेवला. थरथर एकसारखी होती.

"धडधाकट आहे की," ते स्वतःशीच म्हणाले. "उगाच नावं ठेवते."

तरी त्यांनी दोन्ही प्लग नवीन घातले, पेट्रोलची टाकी धुऊन काढली, कारण काही ना काही केल्याशिवाय इंजिन परत देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

खरी गोष्ट अशी, की डॉक्टरांना ऐकू येत नव्हतं. अगदीच नाही असं नाही. ट्रकचा हॉर्न, दार आपटल्याचा आवाज, जाड आवाजाच्या पुरुषांचं बोलणं बऱ्यापैकी यायचं. बारीक आवाज मात्र गेले होते: चिमण्या, शिटी, उकळत्या चहाची सळसळ, बायकांचं बोलणं. चाळीस वर्षं डोक्याशी इंजिनं वाजली, त्याचं हे बक्षीस.

गंमत म्हणजे हे त्यांना स्वतःला कळायलाही वेळ लागला. बायको होती तोवर ती दुकानाच्या तोंडाशी स्टुलावर बसायची. येणाऱ्या माणसाचं सगळं ऐकून घ्यायची, मग मान वळवून डॉक्टरांच्या तोंडासमोर तोंड आणून सांगायची, "हे म्हणतायत, वेग वाढवला की धूर सोडतं." तिचा आवाज जाडसर होता. डॉक्टरांना वाटायचं, हिला ऐकलेलं पुन्हा सांगायची खोड आहे. कधी कधी वैतागायचेसुद्धा. "ऐकलं मी, किती वेळा सांगशील?" म्हणायचे. तिनं एकदाही म्हटलं नाही की अहो, तुम्ही ऐकलेलं नाही. फोन आला तर तीच घ्यायची. मुलीशी अर्धा तास बोलून मग नवऱ्याला दोन वाक्यांत सांगायची.

तीन वर्षांपूर्वी ती गेली. पंधरा दिवसांत डॉक्टरांच्या लक्षात आलं की सगळं गाव अचानक तोंडातल्या तोंडात बोलायला लागलं आहे. गाव एकाच वेळी बिघडत नसतं, हे कळायला त्यांना आणखी दोन महिने लागले.

कुणाला सांगितलं नाही. ज्याचं नावच कानावर उभं, त्यानं कान गेले म्हणून सांगायचं कुणाला? त्यापेक्षा मान हलवणं सोपं होतं. गिऱ्हाईक हसलं की हसायचं, कपाळाला आठ्या पडल्या की "अरे अरे" म्हणायचं. इंजिन तर समोर असतंच, बघून घेऊ. मग संध्याकाळी शटर ओढायचं, वर खोलीत जाऊन एकट्याचं जेवण करायचं आणि ताट धुऊन उपडं घालायचं. धुताना भांडी वाजायची की नाही, तेही आता कळत नव्हतं.

लेक दूरच्या शहरात, सासरी. दर रविवारी सकाळी दहाला तिचा फोन यायचा. डॉक्टर मोबाइल कानाशी गच्च दाबून धरायचे. पलीकडे नुसती गुणगुण. त्यांनी त्याचंही तंत्र बसवलं होतं. आवाज शेवटी वर गेला तर तो प्रश्न, मग म्हणायचं, "हो, इकडे सगळं ठीक." आवाज सपाट असला तर, "हो ना." आणि बोलणं थांबलं की, "जपून राहा गं." या तीन किल्ल्यांवर तीन वर्षं कुलूप उघडत आलं होतं.

पाववालीचं इंजिन दुकानात होतं त्याच आठवड्यातला रविवार. फोन आला, पण गुणगुण नेहमीसारखी नव्हती. संथ होती, मध्ये मध्ये तुटत होती. डॉक्टरांना वाटलं, सर्दी झाली असेल पोरीला. दोनदा "हो ना" म्हणून झालं. मग ती बराच वेळ बोलली, आणि शेवटी आवाज वर गेला. प्रश्न. त्याच तीन किल्ल्या दर वेळी वापरून डॉक्टरांना जरा लाजल्यासारखं झालं होतं. आज काही मायेचं बोलावं असं त्यांच्या मनात आलं.

"अगं, असं चालायचंच," ते म्हणाले. "तू तुझ्या घरी सुखात आहेस, मला आणखी काय पाहिजे?"

पलीकडे काहीच नाही. त्यांनी फोन कानापासून दूर धरून बघितला. फोन बंद झाला होता.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. डॉक्टर दहा वाजता मोबाइल पुढ्यात ठेवून बसायचे, अकराला उठायचे. आपण लावावा असं दोन-तीनदा मनात आलं. पण लावून ऐकणार काय?

पाववालीचं इंजिन पंधरा दिवसांनी परत आलं. या वेळी तिच्या कपाळावर आठ्या होत्या.

"काका, पुन्हा तेच! ऊन पडलं की सुतासारखं सरळ. पहाटे दव असलं की..." डॉक्टरांना 'काका' एवढंच कळलं, बाकी सगळं रुमालात गेलं.

"हो, हो. बघतो," डॉक्टर म्हणाले.

पिंपात इंजिन पुन्हा दुसऱ्या हिसक्याला सुरू झालं. डॉक्टरांनी स्क्रूड्रायव्हर काढला, टोक सिलिंडरला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला दाबली. नुसता गुरगुराट. मूठ दातांत धरून बघितली. दात झिणझिणले, बाकी काही नाही. पूर्वी या एका दांडीतून त्यांना सगळं कळायचं: कुठे हवा शिरते, कुठला सिलिंडर आळस करतो, कुठलं बेअरिंग उद्या मरणार. आता ती नुसती दांडी होती.

मग त्यांनी अंदाजानं काम केलं. अंदाजानं काम करणाऱ्यांना त्यांनी आयुष्यभर नावं ठेवली होती. कार्बोरेटर उघडून जेट साफ केले. पेट्रोलची नळी आणि तिचा फुगा बदलला. प्लग काढून भोकावर अंगठा ठेवला आणि दोरी ओढली, तर अंगठा जोरानं उडाला, म्हणजे आतला दाब चांगला. प्लग बाहेर टेकवून ठिणगी बघितली, तीही होती. पेट्रोल, ठिणगी, दाब, तिन्ही जागेवर. इंजिनाला आणखी काय लागतं?

"आता त्रास नाही देणार," त्यांनी पाववालीला सांगितलं. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला चाललंय अशी शंका त्यांच्या पोटात होती. ती त्यांनी पोटातच ठेवली.

तीन आठवडे गेले. थंडी वाढली, तलावावर सकाळचं धुकं बसायला लागलं.

एका सकाळी अकराच्या सुमारास डॉक्टर बाकावर वाकून एका पंपाचं पातं घासत होते. अचानक समोरच्या भिंतीवरचा उजेड कमी झाला. मागे वळून बघितलं तर पाववाली दारात उभी. किती वेळ हाका मारत होती कोण जाणे. केस ओले, पदर ओला, रुमाल गळ्यात लोंबत होता. हातगाडी नव्हती. इंजिन तिनं बोटीवरून दुकानापर्यंत खांद्यावर घालून आणलं होतं आणि उंबऱ्यात टेकवलं होतं. तिनं दोन्ही तळवे पुढे केले. बोटांच्या मुळाशी फोड फुटले होते.

रुमाल नव्हता, म्हणून डॉक्टरांना ओठ दिसले. आणि ती ओरडत होती, त्यामुळे बरंचसं ऐकूही आलं.

"धुक्यात हळू करावं म्हणून वेग कमी केला, तर बंद! भर तलावात! तीस वेळा दोरी ओढली. वल्हं एकच, दुसरं मोडलेलं. दोन तास वल्हवत होते मी, दोन तास. कुठला काठ कुठे काही दिसेना. हाका मारल्या, तर कुणाला ऐकू जाणार? मला वाटलं, संपलं. पाव सगळे भिजून लगदा झाले. पलीकडच्या वस्तीतली ती आंधळी म्हातारी, ती माझ्या पावावर आहे, काका! ती आज उपाशी बसली असेल. आणि तुम्ही? दोनदा आले, दोनदा घसा फोडून सांगितलं, दोनदा 'हो हो, बघतो'! बहिरे आहात का तुम्ही?"

डॉक्टरांनी पातं खाली ठेवलं. हात पुसले.

"हो," ते म्हणाले.

पाववालीचं तोंड उघडंच राहिलं.

"ऐकू येत नाही मला. तीन वर्षं झाली. जास्तच झाली असतील. पुरुषांचं थोडं येतं. तुमचं तर काहीच आलं नव्हतं. पहिल्या दिवशी काय म्हणालात, ते मला आजही माहीत नाही."

पाववालीचा राग गेला नव्हता. तो ठेवायचा कुठे हे तिला कळत नव्हतं. मग तिनं आत येऊन स्टूल ओढलं, ते नेमकं बायकोचं स्टूल, आणि धपकन बसली.

"मग 'हो हो' कशाला म्हणत होता?"

"सवय," ते म्हणाले.

"चांगली सवय आहे! जीव गेला असता माझा."

"हो." या वेळचा हो त्यांनी समजून म्हटला.

मग ते तिच्या समोर उकिडवे बसले. "आता पहिल्यापासून सांगा. सावकाश. माझ्याकडे बघून."

ती सांगायला लागली. लहान मुलाला सांगावं तसं एकेक शब्द तोडून. दुपारी इंजिन कधीच दगा देत नाही. दव पडलं किंवा धुकं असलं की हटून बसतं. एकदा चालू होऊन तापलं की मग घोड्यासारखं पळतं, आज तेवढं धुक्यात वेग कमी केल्यावर मध्येच बसलं. आणि हटून बसलेलं असताना दोरी ओढली की टोपणाच्या आतून आवाज येतो. तिनं पुन्हा तशाच टिचक्या वाजवल्या. "टक् टक् टक्. बारीक. पाल चुकचुकते ना, तसा. हेच मी पहिल्या दिवशी विचारलं होतं तुम्हाला, हा आवाज कशाचा म्हणून. तुम्ही म्हणालात, हो हो."

डॉक्टर डोळे मिटून बसले. दव. टक् टक्. ऐकू येणाऱ्या कुठल्याही शिकाऊ मेकॅनिकला एवढं पुरलं असतं. त्यांचं दुकान कोरडं, आणि इंजिन ते नेहमी दुपारी बघणार. तिथे तो आजार बाहेर येणारच नव्हता. बाहेर आला असता, तरी आवाज त्यांच्यापर्यंत पोचला नसता.

"वीज गळतेय," ते म्हणाले. "प्लगपर्यंत पोचायच्या आधीच ठिणगी कुठेतरी बाहेर उडी मारतेय. ओल आली की तिला वाट सापडते. दोरी ओढाल का तुम्ही? हात बघता सांगायला लाज वाटते."

"दोन तास वल्हवलंय. दोरीचं काय घेऊन बसलात?" तिनं तळव्यांना फडकी गुंडाळली.

इंजिन घोडीला चढवलं. डॉक्टरांनी टोपण काढलं, झाडांवर मारायच्या फवाऱ्यानं आतल्या वायरींवर पाणी उडवलं आणि बोटी झाकायची काळी ताडपत्री इंजिनावर आणि स्वतःच्या डोक्यावर ओढून घेतली. आत मिट्ट काळोख, पेट्रोलचा वास, स्वतःचा श्वास.

"ओढा!"

काही दिसलं नाही.

"पुन्हा!"

आणि दिसली. सुईएवढी निळी ठिणगी, एका लोखंडी पट्टीच्या कडेशी. वायर जिथे त्या पट्टीखालून जात होती, तिथून ती सिलिंडरवर उडी मारत होती. तिसऱ्या हिसक्याला तिच्या शेजारी दुसरी दिसली. दोन्ही प्लगच्या वायरी एकाच पट्टीखालून जात होत्या, आणि दोन्हींचं रबर खालच्या बाजूनं तडकलं होतं. वरून बघणाऱ्याला दोन्ही नव्यासारख्या.

"आला आवाज?" ताडपत्रीतूनच त्यांनी विचारलं.

बाहेरून तिनं ताडपत्रीवर थाप मारली. ती काय म्हणाली ते कळलं नाही, पण थापेचा अर्थ कळला. ते आणखी थोडा वेळ आतच राहिले आणि तिला दोनदा उगाचच दोरी ओढायला लावली. निळी ठिणगी बघत राहिले. आवाज असलेली ती गोष्ट त्यांच्यासमोर मुकाट्यानं नाचत होती.

नवीन वायरी घालायला अर्धा तास लागला. पट्टीखाली त्यांनी जाड रबरी नळीचा तुकडा कापून बसवला, पुन्हा घासू नये म्हणून. मग आत बादलीभर पाण्याचा फवारा मारून दोरी ओढली. दुसऱ्या हिसक्याला सुरू. पुन्हा बंद करून, पुन्हा भिजवून, पुन्हा सुरू. पाच वेळा. पाववाली कान देऊन ऐकत होती आणि दर वेळी मान हलवून सांगत होती, नाही, टक् टक् नाही.

ती निघायला लागली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "ताई, एक काम होतं."

त्यांनी मोबाइल पुढे केला. बोलायला त्यांना कठीण गेलं. लेकीचा फोन, तो रविवार, ती तुटक गुणगुण, आपण काय बोललो ते, आणि त्यानंतर पाच रविवार काहीच नाही. "तिनं काय विचारलं होतं ते मला माहीत नाही. तुमच्यासारखंच झालं असणार. लावून विचाराल का? फक्त विचारा, आणि मला सांगा."

पाववाली नको म्हणाली असती तर डॉक्टरांना हायसंच वाटलं असतं. पण ती पुन्हा स्टुलावर बसली आणि तिनं फोन लावला.

डॉक्टर तिचं तोंड बघत राहिले. आधी ती बरंच बोलली: मी कोण, इथे कशी, वडील बरे आहेत, घाबरू नका. मग डॉक्टरांना ऐकू येत नसल्याचं सांगितलं असावं, कारण तिनं बोट कानाकडे नेलं. मग ती गप्प झाली आणि ऐकत राहिली. तिच्या भुवया हळूहळू जवळ आल्या. एकदा तिनं डॉक्टरांकडे बघितलं आणि लगेच नजर खाली नेली. शेवटी दोन शब्द बोलून फोन मांडीवर ठेवला.

"सांगा," डॉक्टर म्हणाले.

"तुमची लेक नवऱ्याचं घर सोडून निघाली होती. त्या दिवशी तिनं ते सगळं सांगितलं तुम्हाला. सासरचा त्रास खूप दिवसांचा होता. आणि शेवटी विचारलं, बाबा, मी थोडे दिवस तुमच्याकडे येऊ का?"

डॉक्टरांचे ओठ हलले. आपण काय उत्तर दिलं होतं, ते त्यांनी मनातल्या मनात पुन्हा म्हटलं. असं चालायचंच. तू तुझ्या घरी सुखात आहेस.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता तिनं खोली घेतलीय. एका शिवणकामाच्या कारखान्यात लागलीय. म्हणाली, आता यायची गरज नाही. रागावलेली नव्हती हो. रडली थोडी. म्हणाली, आई असती तर तिनं बाबांना सांगितलं असतं." पाववाली थांबली. "हे सांगायला नको होतं का?"

"नाही, नाही. जे म्हणाली तेच सांगा. सगळं."

"एवढंच."

तिनं इंजिन उचललं, डॉक्टरांनी दुसरी बाजू धरली, आणि दोघांनी ते धक्क्यापर्यंत नेऊन बोटीला बसवलं. धुकं गेलं होतं. "उद्याचे पाव आज संध्याकाळीच टाकून येते म्हातारीला," ती म्हणाली. निदान ओठांवरून तसं वाटलं. एका हिसक्यात इंजिन सुरू झालं. पाण्याची धार पडली, बोटीचं नाक उचललं गेलं. बोट पाण्यावर रेघ ओढत लहान होत गेली. पन्नास पावलांपर्यंत डॉक्टरांना गुरगुर जाणवली. मग तीही गेली. बोट अजून दिसत होती.

त्या दुपारी त्यांनी दुकान उघडलं नाही. वरच्या खोलीत बसून कागद घेतला. पत्र लिहायची सवय नव्हती, पत्रं बायको लिहायची. तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं: "मला ऐकू येत नाही. तू त्या दिवशी काय बोललीस त्यातला एक शब्दही मला कळला नव्हता. कळला असता तर मी म्हटलं असतं, ये. आजही तेच म्हणतो. कधीही ये, विचारू नकोस." खाली काय लिहावं ते सुचेना. "तुझे बाबा" लिहून पाकीट बंद केलं.

दुसऱ्या दिवशी एका पत्र्यावर रंगानं लिहून त्यांनी तो दाराशी टांगला: 'ऐकू कमी येतं. समोर येऊन सावकाश बोला.' लोक थांबून वाचायचे. काही जण कुजबुजायचे, त्याला तर हरकतच नव्हती, ते कुठे ऐकू येणार होतं! दोन जुनी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. कानाचा माणूस कानानंच गेला, असं कुणीतरी म्हणाल्याचं पाववालीनं त्यांना समोर बसून सांगितलं. ऐकून ते हसले, पण जेवताना ते वाक्य पुन्हा आठवलं. ती स्वतः चार-आठ दिवसांतून एकदा उभ्याउभ्या यायची, उरलेला पाव बाकावर ठेवायची आणि "अजून चालतंय हो!" असं हातवाऱ्यांनी सांगून जायची. बाकीचे दिवस रिकामे होते, पूर्वीसारखेच.

लेकीचं उत्तर अकरा दिवसांनी आलं. एक पान. नोकरीचं, खोलीचं, शेजारणीचं. शेवटी लिहिलं होतं, राहायला येणार नाही, इथे आता बस्तान बसलंय. पण महिनाअखेर दोन दिवस सुट्टी आहे, भेटून जाईन.

ती आली. वाळली होती. पहिल्या संध्याकाळी दोघंही अवघडून बसले. ती जरा मोठ्यानं बोलायची, मग तिलाच ते ओरडल्यासारखं वाटायचं आणि ती गप्प व्हायची. डॉक्टरांनी टेबल खिडकीशी ओढलं, म्हणजे तिच्या तोंडावर उजेड पडेल. मग तिनं सांगितलं, जे त्या रविवारी सांगितलं होतं ते सगळं. डॉक्टरांनी मध्ये एकदाही मान हलवली नाही. कळलं नाही तिथे थांबवून विचारलं. काही गोष्टी तिला दोनदा सांगाव्या लागल्या, आणि त्या गोष्टी दोनदा सांगण्यासारख्या नव्हत्या. एकदा ती वैतागून म्हणाली, "जाऊ दे ना बाबा, एवढं नाही कळलं तर काय बिघडतं?" डॉक्टर म्हणाले, "बिघडतं." मग तिनं ते कागदावर लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते तिला सोडायला बसस्टँडवर गेले. बस वेळेवर आली. ती खिडकीशी बसली, पण काच अडकलेली, उघडेना. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. डॉक्टरांच्या पायांना जमिनीतून थरथर कळली. काचेमागून ती काहीतरी बोलली.

"काय?" डॉक्टर म्हणाले.

तिनं पुन्हा सांगितलं, बोटानं काचेवर काही काढूनही दाखवलं. काच धुळीनं माखलेली, वर ऊन चमकत होतं. त्यांना 'पुढच्या' एवढं कळलं. पुढच्या महिन्यात की पुढच्या वर्षी, की पुढच्या पत्रात, ते कळलं नाही.

"काय म्हणालीस? पुन्हा सांग!" ते बसबरोबर चार पावलं चालले. ती हसत होती, की तोंड वाकडं करत होती, तेही उन्हात नीट दिसलं नाही. बस वळली.

स्टँडवर लोक होते, बोलत होते, त्यांची तोंडं हलत होती. डॉक्टर थोडा वेळ त्यांच्यात उभे राहिले. मग घरी जाऊन आधी पत्रात तेवढं एक विचारायचं असं ठरवून ते पायीच निघाले.